तालुक्याच्या आरोग्य नेतृत्व प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं: सरपंच, आशा की पाड्यावरची बिनपदाची बाई?

(लेखी चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणलोट

गावातली माणसं निवडून त्यांना आरोग्य नियोजन आणि देखरेखीचं प्रशिक्षण द्यायचं, ही पद्धत आपल्याकडे २००७ पासून आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवणं, ९ राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे ५ जिल्हे घेतले होते. जिल्ह्यात ३ तालुके, तालुक्यात ३ प्राथमिक आरोग्य केंद्रं, केंद्रामागे ५ गावं, म्हणजे एकूण २२५ गावं. समित्या, गावातल्या आरोग्यसेवेला रंग देणारं प्रगतिपुस्तक आणि तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडायची जनसुनवाई, हा सगळा सांगाडा तेव्हाचा.

त्या सांगाड्यात माणूस कोणता बसवायचा यावर मात्र फार कमी बोललं जातं. तालुक्याहून पत्र येतं, ‘एक नाव कळवा’. ग्रामसेवक सरपंचाचं नाव लिहून मोकळे होतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. सरपंचाला या यादीत आपसूक जागा नको.

गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावं असतात आणि सरपंच त्यातल्या एकाचा. उरलेल्या गावांत लसीकरणाचं सत्र महिन्याला होतं की दोन महिन्यांनी, हे त्याला ऐकूनच कळतं. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त गंभीर आहे. ग्राम आरोग्य समितीचा वर्षाचा १०,००० रुपयांचा अबंधित निधी (कशावर खर्चायचा हे समितीनेच ठरवायचा) पंचायतीच्या प्रतिनिधीच्या सहीने खर्च होतो. प्रगतिपुस्तकात याच निधीच्या वापराला गुण असतात: ७५ टक्क्यांवर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. खर्चावर सही करणाऱ्यानेच रंगही ठरवायचा, मग लाल कुठून येणार?

हिशेबनीस

पूर्ण असहमत. प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाच्या हातात काय असतं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आरोग्याचं ७०,०५१ कोटींचं अनुदान स्थानिक संस्थांच्या मार्गाने दिलं. त्यातले ४३,९२८ कोटी ग्रामीण भागासाठी होते. गावविकास आराखड्यात आरोग्याचं काम घालायचं तर ते पंचायतीच्या ठरावातूनच जातं. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तेही तिथेच ठरतं. उपकेंद्राचा दर्जा वाढून त्याचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं की जन आरोग्य समिती येते. तिचा अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. वर्षाला ५०,००० रुपये अबंधित.

साधं उदाहरण घ्या. उपकेंद्रात रात्री प्रसूती होतात, वीज जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली आहे. समितीची बैठक, ठराव, तीन दरपत्रकं, खरेदी, साठा नोंदवहीत नोंद, बिल, दोन सह्या. मन लावून केलं तर पंधरा दिवसांचं काम. सरपंचाला हे ठाऊक नसेल तर ते वर्षभर अडतं, आणि पैसे शिल्लक राहिले म्हणून पुढच्या हप्त्यातून वजा होतात. सर्वांत नेहमीचा घोळ म्हणजे निवडणुकीनंतर नवा सरपंच आला तरी बँकेत जुनीच सही. ती बदलायला ठराव, ओळखपत्रं आणि बँकेच्या तीन-चार फेऱ्या लागतात. तोवर एक पैसा हलत नाही. पाड्यावरची बाई कितीही तयार झाली तरी ही सही तिची नसते. म्हणून ज्याची सही, त्याला आधी शिकवा.

तापीकाठ

हिशेबनीस, बॅटरी बसली आहे हे बैठकीत मांडणार कोण? जिची प्रसूती अंधारात झाली तिच्या शेजारणीला ते ठाऊक असतं. पैशाची वाट तुम्ही बरोबर सांगितलीत, पण ती वाट गरज कळल्यानंतर सुरू होते.

निवड कशी करावी याचे दोन नमुने आपल्यासमोर आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावाने सुचवलेल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायका घेतल्या आणि त्या टिकल्या. दुसरा नमुना छत्तीसगडच्या मितानीनचा, म्हणजे तिथल्या गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचा, २००२ पासूनचा. तिथे निवडीचं एकक गाव धरलं नाही, पारा धरला, म्हणजे आपल्याकडचा पाडा. गाव एकक धरलं की मोठ्या वस्तीची बाई निवडून येते, आणि दोन किलोमीटरवरच्या पाड्यावर ती फिरकत नाही.

एकट्या ग्रामसभेवर भिस्त ठेवू नका. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नावं तिथे दहा-बारा माणसांत ठरतात. त्याऐवजी:

आधी प्रत्येक पाड्यावर संध्याकाळी सातनंतर, कामावरून माणसं परतल्यावर बैठक घ्यावी आणि पाड्याने दोन नावं द्यावीत. ती नावं महिला सभेत वाचावीत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, फक्त ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. ग्रामसभेने शेवटी शिक्कामोर्तब करावं. नाव बदलायचं असेल तर कारण इतिवृत्तात लिहावं.

आणि तारखा! नंदुरबारमध्ये दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात, माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निवड केली तर मागे राहिलेल्यांचीच निवड होते. ज्यांचं लसीकरण आणि गरोदरपणातली तपासणी सगळ्यांत जास्त हुकते, नेमकी तीच घरं वगळली जातात.

रानवारा

आशाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. हजार लोकसंख्येमागे एक आशा आहे. तिच्या वहीत गरोदर बायका, बाळं, टीबीचे रुग्ण घरनिहाय असतात. राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे ग्राम आरोग्य समितीची सचिव तीच. बोली तिचीच, गाव तिचं. नवा माणूस घडवण्याऐवजी हिलाच तालुक्याच्या टेबलावर बसवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, जेवण, जाण्यायेण्याचं वाहन यातलं काय फुकट मिळायला हवं हे तिला पाठ असतं. सरपंचाला ते दोन दिवस शिकवावं लागेल.

कोरडवाहू

रानवाराताई, आशाच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. अडचण तिच्या मोबदल्याची आहे. त्याचा काही भाग तिला कामागणिक मिळतो. दाव्याचा कागद आधी एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) तपासते, मग केंद्रात मंजुरी. जनसुनवाईत त्याच केंद्राबद्दल ‘बाहेरून औषध आणायला लावतात’ असं ती उभी राहून म्हणाली, तर पुढच्या महिन्यात तिचा दावा त्रुटी काढून परत येण्याची भीती तिने का बाळगू नये? तिच्यावर हा भार टाकणं अन्यायाचं आहे. माहिती तिच्याकडून घ्या, बोलायला दुसरं माणूस उभं करा.

स्वयंसेवी संस्थांनाही हेच लागू. ज्या अभियानावर देखरेख करायची त्याच अभियानाच्या निधीवर संस्थेचा कार्यकर्ता पगार घेत असेल, तर त्याचा आवाज करार संपायच्या महिन्यात बारीक होतो.

आता शिकवायचं काय, यावर दोन ओळी. ‘नेतृत्वगुण’ या नावाखाली होणाऱ्या खेळांना एक तास पुरे. उरलेला वेळ औषधाच्या कपाटासमोर घालवा. ओआरएस, लोहाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, श्वानदंशाची लस आणि सर्पदंशावरचं प्रतिविष, अशी पाचच नावं घ्या. प्रत्येकाचा आकडा तीन ठिकाणी पाहा: संगणकावरच्या ई-औषधी या साठ्याच्या प्रणालीत, साठा नोंदवहीत आणि कपाटात हाताने मोजून. ई-औषधीत आहे पण कपाटात नाही, तर वाटपाची नोंद पाहा. दोन्हीकडे शून्य असेल तर मागणीपत्र कधी गेलं ते विचारा. मागणी उशिरा गेली तर प्रश्न आरोग्य केंद्राचा. वेळेवर गेली आणि माल आला नाही तर प्रश्न जिल्ह्याचा किंवा राज्याच्या खरेदीचा. हा फरक न शिकलेला प्रतिनिधी चुकीच्या माणसाला जाब विचारतो, फार्मासिस्ट दुखावतो, आणि पुढच्या वेळी कपाट उघडलं जात नाही.

हिशेबनीस

कपाटाचा धडा उत्तम आहे, तो सरपंचालाही द्या. पण माझा मूळ मुद्दा कुणी खोडला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र पातळीच्या देखरेख समितीची मूळ रचना पाहा: ३० टक्के पंचायत प्रतिनिधी, २० टक्के गावसमित्यांचे बिगरसरकारी सदस्य, २० टक्के संस्था-संघटना, ३० टक्के आरोग्य व पोषण सेवा देणारे. तुम्हाला हवी असलेली बाई गावसमित्यांच्या २० टक्क्यांत येते, आणि ती जागा दरवर्षी गावागावांत फिरवायची असं रचनेतच म्हटलं आहे. म्हणजे ती बारा महिन्यांची. सरपंच पाच वर्षांचा. प्रशिक्षणावर खर्च करायचा तर तो कुठे टिकेल?

पाणलोट

फिरत्या जागेचा दोष तुम्ही अचूक पकडलात, आणि तो मलाही मान्य आहे. अभियानाचा अंमलबजावणी आराखडा २०२२-२४ पासून दोन वर्षांचा झाला. वर्षभरात जागा बदलली तर मागणी मांडणारी बाई तिचं उत्तर यायच्या आत समितीबाहेर. म्हणून जागा किमान दोन वर्षांची हवी, आणि जाणारीने येणारीबरोबर सहा महिने बसावं.

सरपंच पाच वर्षांचा हे मात्र कागदावरच. आरक्षण फिरतं, अविश्वास ठराव येतात. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सरपंच बाईंच्या नावापुढे कितीदा पतीची सही असते, हे तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे निदान एवढा नियम करा: निवडलेली व्यक्ती स्वतः आली नाही तर जागा रिकामी धरायची, बदली चालणार नाही.

सहीवाल्याला पैशाचे नियम शिकवायलाच हवेत, त्यासाठी अर्ध्या दिवसाचा वेगळा वर्ग घ्या. तालुक्याच्या प्रशिक्षणातली जागा त्याला देऊ नका.

तापीकाठ

खर्चाचंही ठरवा, नाहीतर पाड्यावरची बाई निवडली जाईल आणि येणार नाही. बुडालेली मजुरी निदान रोजगार हमीच्या दराने, भाडं रोखीने, त्याच दिवशी. खात्यावर ‘नंतर जमा होईल’ म्हटलं की दुसऱ्या सत्राला निम्म्या जणी गळतात. तान्हं मूल असलेल्या बाईसाठी मूल सांभाळायला एक माणूस. सलग पाच दिवस निवासी ठेवण्यापेक्षा दोन-दोन दिवसांची तीन सत्रं, मध्ये महिन्याचं अंतर, आणि त्या महिन्यात स्वतःच्या उपकेंद्रात करायचं एक काम. निवडीला लेखी चाचणी नको. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारी सोबतीण वर्गात हवी. अंदाजपत्रकाचे शब्द प्रमाण मराठीतच आदळत राहिले तर वर्गात फक्त शिकलेले पुरुष बोलतात.

रानवारा

आशाला जनसुनवाईत बोलायला लावू नका, हे पटलं. पण पाड्याच्या बैठकीत तिची वही उघडी असावी आणि निवडलेल्या बाईला ती वाचता यायला हवी. आशा ही तिची शिक्षिका म्हणून पहिल्या सत्रात बसली तर? त्या दिवसाचं मानधन मात्र दोघींनाही मिळावं.

हिशेबनीस

चालेल. दोन वर्षांची जागा, बदली नाही, रोख भाडं, आशा शिक्षिका, हे सगळं मला मान्य आहे. सरपंचाला तालुक्याच्या वर्गातून बाहेर ठेवणं अजूनही मान्य नाही. त्या बाईने कपाट मोजलं, कागद केला आणि तो जन आरोग्य समितीत ठेवला, तर अध्यक्षाच्या खुर्चीत तोच बसलेला असेल. दोघांनी किमान एक सत्र एकाच बाकावर बसून, एकाच उपकेंद्राच्या ५०,००० रुपयांचा खर्च कागदावर मांडून करावं. तेवढी एक जागा वाढवायला तुमची हरकत काय आहे, ते लिहा.