लॉगलाइनवर फीडबॅक कसा घ्यायचा आणि कसा द्यायचा?

माळरान:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं एका फीचर फिल्मच्या स्क्रिप्टवर काम चाललंय, आता एका स्क्रिप्ट लॅबचा (जिथे स्क्रिप्टवर मार्गदर्शन मिळतं) फॉर्म भरायचाय आणि त्यात लॉगलाइन मागितलीय, म्हणजे सिनेमाची गोष्ट एक-दोन वाक्यांत. मी ही लिहिली:

"दुष्काळात होरपळणाऱ्या मराठवाड्यात पाण्याचं राजकारण, नाती आणि माणुसकी यांचा वेध घेणारी एका टँकर ड्रायव्हर बापाची हृदयस्पर्शी कथा."

ग्रुपमधल्या सात जणांना पाठवली. तिघं म्हणाले मस्त, भारी. एकाने सांगितलं ड्रायव्हर मेलेला दाखव आणि त्याचं भूत टँकर चालवतं असं कर, एकजण म्हणाला दुष्काळ आता चालत नाही, दोघांनी बघितलंच नाही. यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय तेच कळत नाहीये. आणि उलट बाजूने पण तेच, परवा मैत्रिणीने तिची लॉगलाइन पाठवली तर मी "छान आहे गं" एवढंच लिहून मोकळी झाले, कारण काय बोलावं ते सुचेना, आणि ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

टाइमकोड:
ताई, आधी तुमच्या लाइनबद्दल बोलतो. मी ती एकदा वाचली, फोन पालथा ठेवला आणि काय आठवतंय ते बघितलं, तर फक्त टँकर आठवला. आता त्यातली क्रियापदं बघा. होरपळतोय मराठवाडा, वेध घेतेय कथा, आणि ड्रायव्हर? तो काहीच करत नाहीये. हृदयस्पर्शी वगैरे पोस्टरवर ठीक आहे, इथे ती जागा वाया गेली, कारण पंचवीस-तीस शब्दच मिळतात.

"श्वास" (२००४) आठवा. कोकणातला आजोबा नातवाचे डोळे तपासायला त्याला शहरात आणतो, कळतं की कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर पोरगा वाचेल पण त्याची दृष्टी कायमची जाईल. एवढं नुसतं सांगितलं तरी पोटात कालवतं, माणुसकी हा शब्द कुठेच घ्यावा लागत नाही. कोण आहे, काय करायला निघालाय, आडवं काय येतंय, नाही जमलं तर काय जाणार, हे आलं की बाकीचं वाचणारा स्वतः भरतो.

फीडबॅक देताना मी हेच करतो, एकदा वाचायचं, बंद करायचं आणि समोरच्याला सांगायचं की "मला असं कळलं". चांगलं-वाईट नंतर. त्याला हवं ते पोचलं की नाही हे त्याला लगेच समजतं. मग जे प्रश्न पडले ते विचारायचे, बास. भूतवाल्या भावाने स्वतःचा पिक्चर सांगितलाय, तो सोडून द्या. पण दुष्काळ चालत नाही म्हणणाऱ्याला मात्र सोडू नका, त्याचा उपाय चुकीचा असेल पण त्याला लाइनमध्ये दुष्काळाशिवाय काही दिसलंच नाही हे खरंय ना.

आणि घेताना एकच पथ्य, खुलासा करायचा नाही. तोंडातून "नाही, म्हणजे त्यात असं आहे की" निघालं की थांबायचं आणि त्याच्यापुढे जे बोलणार होतो ते वहीत लिहायचं.

आता सांगा, तुमचा ड्रायव्हर करतो काय?

माळरान:
अहो दादा, करतो ना. म्हणजे त्यात असं आहे की त्याच्या मुलीचं लग्न असतं आणि मांडवात पाणीच नसतं, मग तो दुसऱ्या गावाची खेप स्वतःच्या दारात आणून ओततो, आणि ते दुसरं गाव म्हणजे नवरदेवाचंच गाव. वऱ्हाड इकडे जेवायला बसलंय आणि तिकडे त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या विहिरीवर हंडे लावून टँकरची वाट बघतायत.

टाइमकोड:
ताई!! हे लाइनमध्ये का नाही??

माळरान:
मुद्दाम नाही लिहिलं. एकतर ट्विस्ट फुटेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर कुणी उचलली तर? सात जणांना पाठवायची म्हणजे धाकधूक होतेच ना.

पान_उलटा:
भीती समजू शकते, पण त्यासाठी लाइन मोघम करू नका. कायदा इथे स्पष्ट आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नसतो, ती तुम्ही कशी मांडली त्यावर असतो. म्हणजे तुमचं संरक्षण लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये आहे, ती तर तुमच्याकडे तयार आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये मेंबर होऊन स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करा, कुणाला कधी काय पाठवलं त्याच्या मेल जपून ठेवा, आणि मग बिनधास्त पाठवा. आणि ट्विस्टचं म्हणाल तर नवरदेवाचं गाव हा ट्विस्ट नाहीये, तोच पिक्चर आहे. शेवट लपवा, पेच नाही.

संथ_वाहते:
थोडं वेगळं मत मांडते. सगळ्याच गोष्टींना असा पेच नसतो, काही सिनेमे नुसते एका घराकडे बघत बसतात आणि ते मला जास्त आवडतात, तिथे "काय मिळवायचंय, आडवं काय" असं विचारत बसलं तर लेखक उगाच खोटी भांडणं घालतो. अशा वेळी मी फीडबॅक देताना एवढंच विचारते की पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत काय बदललं. पण माळरान, तुझी गोष्ट तशी नाहीये गं, ती पळतेय, तिला पळू दे. मैत्रिणीला आज फोन कर, तिची लाइन परत वाच आणि तुला काय कळलं तेवढंच सांग.

माळरान:
केला फोन, पाऊण तास बोललो. तिच्या गोष्टीतली आई जिवंत आहे हेच मला लाइनवरून कळलं नव्हतं, ती अवाक झाली!

माझी नवीन:

"मुलीच्या लग्नाच्या दिवशी मांडवात पाण्याचा थेंब नाही म्हणून एक टँकर ड्रायव्हर नवरदेवाच्याच तहानलेल्या गावाची खेप चोरून आपल्या दारी वळवतो, आणि आता गोरज मुहूर्ताआधी वऱ्हाडाला ते कळता कामा नये."

टाइमकोड:
फोन पालथा ठेवून सांगतो: बाप, चोरीचं पाणी, नवऱ्याकडचं गाव, संध्याकाळपर्यंतची वेळ. सगळं पोचलं. "चोरून" आणि "वळवतो" यातलं एक काढून बघा, आणि "आता" पण नको. प्रश्न एकच पडला, विहिरीवरची एखादी म्हातारी वऱ्हाडात कुणाला तरी फोन लावणारच ना, तो फोन पहिला कोण उचलतं?