मदत हवी आहे : आत्याच्या मागे पागडीच्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर होईल का?

नमस्कार. गिरगावातल्या चाळीत आत्याच्या नावावर पागडीची, म्हणजे मालकाला सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने कायमची घेतलेली, खोली आहे. मार्चमध्ये आत्या गेली. मी तिची भाची, २०११ पासून तिच्याजवळच राहते. शेवटची चार वर्षं ती अंथरुणावर होती, तिचं सगळं मीच केलं. तिला मूलबाळ नाही, यजमान आधीच गेले. सख्खे दीर पुण्यात आहेत, ते इथे कधीच राहिले नाहीत.

घरमालक म्हणतात, "भाची म्हणजे कुटुंब नव्हे, खोली रिकामी करा." एप्रिलपासून भाडं घेत नाहीत. पोस्टाने पाठवलेला चेक परत आला, पाकीट जपून ठेवलंय. पावती नावावर करण्याचा लेखी अर्जही दिला, उत्तर नाही. रेशन कार्ड, आधार, मतदार यादी, तिन्हींवर माझा हाच पत्ता आहे. मृत्युपत्र नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम ७(१५)(ड) वाचलं. भाडेकरूच्या मृत्यूसमयी सोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती आधी, तशी कोणी नसेल तर वारस, आणि एकमत नसेल तर न्यायालय ठरवेल, असा अर्थ मला लागला. पण 'कुटुंब' कोणाला म्हणायचं, इथेच अडलेय.

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे थांबणं धोक्याचं वाटतं. पैसे घेऊन खोली सोडायची नाही, तो सल्ला कृपया नको.

भाचीला असा हक्क मिळाल्याचं कुणाच्या माहितीत आहे का? आणि लघुवाद न्यायालयात (जिथे भाड्याचे वाद चालतात) मी आत्ताच दावा लावावा, की मालकांच्या नोटिशीची वाट पाहावी?