क्लबहाऊसमधला शनिवार (सोसायटीच्या ग्रुपवरून)

रविवार

मंजिरी (बी-२०४), सकाळी ८.१०
सुप्रभात सगळ्यांना. काल संध्याकाळी पाऊस झाला, वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि वरच्या मजल्यांवरची मंडळी खालीच अडकली. म्हणता म्हणता आपण चोवीस जण क्लबहाऊसमध्ये कंदिलाच्या उजेडात पट मांडून खेळत बसलो. वीज साडेआठला आली. कुणीही उठलं नाही! अकरा वर्षं इथे राहते आहे. गणपती सोडले तर एवढी माणसं एका खोलीत मी पाहिली नव्हती, आणि गणपतीतही आपण रांगेत खुर्च्या लावून स्टेजकडे बघतो. काल सगळी एकमेकांकडे तोंड करून बसली होती. दर शनिवारी ६ ते ९ पट मांडायचे का? चहा माझ्याकडून.

इम्रान (सी-४०१), सकाळी ८.१४
हो. शंभर वेळा हो.

रेखाकाकू (ए-२०२), सकाळी ८.२०
मी येणार. काल माझं शिवण राहिलं, पण वाईट नाही वाटलं.

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-४०४), सकाळी ८.४५
कल्पना चांगली आहे. हॉल रिकामाच असतो, भाडं लावणार नाही. पण पत्त्यांबद्दल स्पष्ट बोलतो. लहानपणी आमच्या चाळीत तीन पत्तीपायी एक चांगलं चाललेलं घर बसलेलं मी पाहिलं आहे. त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. काल सुलभाआजींच्या टेबलावर पत्ते होते. आजींबद्दल शंका नाही, पण दर आठवड्याला पत्ते निघाले की पुढे पैसे यायला वेळ लागत नाही.

सुलभाआजी (ए-३०१), सकाळी ९.३०
नातवाला सांगून टाईप करून घेते आहे. कुलकर्णी, तुमची काळजी बरोबर आहे. तुमच्या देखत सांगते, माझ्या टेबलावर एक रुपयाही कधी येणार नाही. पण ते पत्ते नव्हते, गंजिफा होत्या. माझं माहेर सावंतवाडीचं. तो डबा आईकडून माझ्याकडे आला. दशावतारी संच आहे, १२० पानं, सगळी गोल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाचा परशू. हातानं रंगवून वर लाखेचा लेप. आमच्याकडे राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी चिताऱ्यांना बसायला जागा दिली, म्हणून ही कला टिकली. नाही तर संग्रहालयाच्या काचेतच बघावी लागली असती.

सुलभाआजी (ए-३०१), सकाळी ९.४१
आणखी थोडं सांगते. तिघांत डाव, म्हणजे प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नसतो. राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान. पुढे पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दहा लहान! हे डोक्यात बसायला महिना लागतो. कुठलं पान पडून गेलं आणि आता कुठलं सर्वांत वरचं राहिलं, हे लक्षात ठेवणं हाच सगळा खेळ. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. काल दिवेलागण झाली होती, म्हणून कृष्ण. कृष्ण माझ्याकडे आला होता. आई गेल्यापासून पहिल्यांदा पूर्ण डाव झाला माझा. तिघं जमतच नव्हते.

देसाईकाका (ए-१०१), सकाळी ९.५८
आजींच्या समोर बसलो होतो. चाळीस गोल पानं हातात धरणं हीच एक कसरत आहे, कोपराच नसतो पकडायला. सव्वा तास खेळून मी सपशेल हरलो आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वराहाचा प्रधान कधी पडला ते आठवत राहिलो. बाबरानं १५२७ साली सिंधला एका मित्राकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. त्या मुघल संचात ९६ पानं, आठ रंग. आपल्याकडे येऊन त्याला दशावतार मिळाले. आपल्या मातीतलं रूप मला जास्त आवडतं.

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-४०४), सकाळी १०.०५
आजी, मला माहीत नव्हतं. मुलांना शिकवणार असाल तर मीही शेजारी बसतो. पैसे लावायचे नाहीत ही ओळ नोटीस बोर्डावर मात्र लिहितो.

सुलभाआजी (ए-३०१), सकाळी १०.०९
लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. आणि शेजारी कशाला, तिसरे म्हणूनच बसा.

स्वप्नील (सी-१०१), सकाळी १०.३०
माळ्यावर व्यापारचा जुना पट आहे, नोटांसकट. आणू का? आमच्या पिढीचा तोच तर खेळ.

मंजिरी (बी-२०४), सकाळी १०.३८
आण, पण तो मुख्य टेबलावर नको असं माझं मत. व्यापारात ज्याचं पहिल्यांदा दिवाळं निघतं तो पुढचे दोन तास नुसता बघत बसतो. माझा धाकटा भाऊ दर सुट्टीत त्याच पायी रडायचा. गंमत म्हणजे ज्या खेळातून हा प्रकार निघाला तो एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट केला होता, जमिनीची मक्तेदारी माणसाला कशी पिळते हे दाखवायला. त्यांचा मुद्दा माझ्या भावाला आठव्या वर्षीच पटला होता.

इम्रान (सी-४०१), सकाळी १०.५०
म्हणूनच मी काल कॅटान हा पटाचा खेळ आणला. कामासाठी दोन वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होतो. तिथे भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. ऑफिसातल्या एकानं गुरुवारी घरी बोलावलं, जेवण झालं आणि टेबलावर हा पट आला. त्या देशात १९७९ पासून दरवर्षी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला पुरस्कार देतात, आणि तो मिळालेला खेळ घराघरात जातो. कॅटानला १९९५ मध्ये मिळाला. मला जर्मनमध्ये पहिल्यांदा नीट बोलता आलं ते "माझ्याकडे मेंढी आहे, वीट देतोस का" हे वाक्य. व्याकरण चुकलं तरी वीट मिळाली.

स्वप्नील (सी-१०१), सकाळी १०.५५
काल माझी मुलगी रात्रभर मेंढ्या विकत होती. नियम नक्की काय आहे?

इम्रान (सी-४०१), सकाळी ११.०४
एकोणीस षटकोनी तुकड्यांचं बेट. कुठे जंगल, कुठे शेत, कुठे डोंगर, वाळवंट सोडून प्रत्येकावर एक आकडा. दोन फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या जमिनीचा माल (मेंढी, वीट वगैरे) तिला लागून घर असलेल्यांना मिळतो, फासे कुणीही टाकलेले असोत. म्हणजे दुसऱ्याची पाळी असतानाही तुमचं लक्ष पटावरच. सगळा माल एकाकडे कधीच नसतो, म्हणून बोलावंच लागतं, मागावंच लागतं. दहा गुण झाले की जिंकला. आणि शेवटपर्यंत कुणी बाहेर जात नाही. मंजिरीताईंच्या भावाला हा आवडला असता.

देसाईकाका (ए-१०१), सकाळी ११.२०
चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण संभाव्यता एवढ्या लवकर मुलांच्या गळी उतरलेली काल पाहिली. दोन फाशांची छत्तीस दानं. सात सहा तऱ्हांनी पडतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाच तऱ्हांनी, दोन आणि बारा फक्त एकेका तऱ्हेनं. स्वप्नील, तुझ्या मुलीनं पहिलं घर बाराच्या आकड्याला लावलं होतं, कारण बारा सर्वांत मोठा. तासभर बारा पडला नाही. दुसऱ्या डावात ती आपणहून आठच्या बाजूला जाऊन बसली. मी एक शब्द बोललो नव्हतो. फळ्यावर हेच समजावायला मला एक अख्खा तास लागायचा, आणि तरी निम्म्या वर्गाला ते परीक्षेपुरतंच राहायचं.

नेहा (सी-५०२), दुपारी १२.१५
मला एक विचारायचंय. कोपऱ्यात आर्या आणि मुलं पट नसताना काय खेळत होती? घरी आल्यावर "लखोटा, कडा, पहारेकरी" एवढंच ऐकतेय. तिची बारावी आहे, म्हणून विचारते. मोबाईलवरचं काही आहे का?

आर्या (सी-५०२), दुपारी १२.३१
आई, मी शेजारच्याच खोलीत आहे, पण सगळ्यांसाठी इथे लिहिते. मोबाईल नाही लागत. कागद, पेन्सिल आणि एक वीस बाजूंचा फासा. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, तिथून सुरू झालं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्रानं काय करायचं ते स्वतः ठरवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. मी ड्रॅगन घेतले नाहीत. आपली गोष्ट केली. रायगडावर लखोटा पोचवायचाय, सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात, आणि वाटेत उशीर झालाय. एक जासूद, एक वैद्यबुवा आणि एक गवळ्याचा मुलगा, त्याला कड्याची वाट माहीत आहे.

आर्या (सी-५०२), दुपारी १२.४४
गवळ्याचा मुलगा म्हणजे अर्णव, नऊ वर्षांचा. तो म्हणाला, मी कडा चढतो. मी म्हणाले, बारा किंवा वर हवं. त्याला चार पडले. त्याचं तोंड एवढंसं झालं. "तू पडलास" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणाले, पाय घसरला, झुडपाला लटकलास, तू वाचलास, पण कमरेचा लखोटा खाली गेला. मग तिघं मिळून वीस मिनिटं दरीत लखोटा शोधत होती. वैद्यबुवांनी पागोट्याचा दोर केला! हे मी लिहिलंच नव्हतं. कालची सर्वांत भारी वीस मिनिटं त्या चारच्या दानातून आली.

नेहा (सी-५०२), दुपारी १२.५०
दरवाजा उघडला की नाही मग?

आर्या (सी-५०२), दुपारी १२.५१
अजून नाही. पहारेकऱ्याचं पात्र करायला कुणीतरी मोठं माणूस हवंय. कडक, पण मनानं चांगलं.

नेहा (सी-५०२), दुपारी १२.५८
शनिवारी साडेसातपर्यंत, मग अभ्यास. पहारेकरी मी होते.

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-४०४), दुपारी १.१०
छान. आता व्यवस्थेचं. हॉलमध्ये चार टेबलं आहेत, दोन माझ्या घरची आणतो. पंखे लावले की पानं उडतात असं आजी म्हणाल्या, तेव्हा त्यांना खिडकीकडची बाजू. खेळ ज्यानं आणला त्यानं सोंगट्या मोजून घ्याव्यात. ९ ला आवरायला सुरुवात, ९.३० ला कुलूप.

विनायककाका (बी-१०३), दुपारी ४.०२
नमस्कार. फोन सगळे निरोप वाचून दाखवतो, म्हणून आत्ता उत्तर देतोय. माझी नजर गेली त्याला सोळा वर्षं झाली. काल मंजिरी हाताला धरून पचिसीच्या पटावर घेऊन गेली, त्याबद्दल तिचे आभार. बुद्धिबळ मी आमच्या पटावर खेळतो. त्यात काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्याला खाली खुंटी, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर खूण, आणि चाल मोठ्यानं सांगायची. पण तिथे समोर एकच माणूस असतो. पचिसीत समोर बसतो तो भिडू. आपण दोघं विरुद्ध ते दोघं. कवड्या हातातून सुटल्या की त्यांचा आवाज होतो, आणि किती उताण्या पडल्या ते मी बोटांनी मोजत होतो. उताणी कवडी बोटाला लगेच कळते, तिला दात असतात. दान सांगायला मला कुणाची गरज पडली नाही. पंचवीस पडली तेव्हा मीच आधी ओरडलो.

विनायककाका (बी-१०३), दुपारी ४.०९
एवढंच राहिलं, की सोंगटी कुठे आहे ते प्रत्येक वेळी रेखावहिनींना विचारावं लागलं. त्यांनी न कंटाळता सांगितलं. पण चाल माझी मला ठरवता आली तर आणखी मजा येईल. कापड गुळगुळीत आहे, घरं छापलेली. दुसऱ्या बाजूची सोंगटी मारायला योग्य अंतरावर आहे की नाही हे मोजायला हाताला काही लागत नाही.

रेखाकाकू (ए-२०२), दुपारी ४.१५
एका भुजेत आठ-आठच्या तीन ओळी ना? म्हणजे चोवीस, चार भुजांची शहाण्णव घरं.

देसाईकाका (ए-१०१), दुपारी ४.१७
बरोबर, शहाण्णव. मधलं घर वेगळं.

रेखाकाकू (ए-२०२), दुपारी ४.२६
मग प्रत्येक घराच्या चारी कडांवर साखळी टाका घालते. फुलीच्या घरात, जिथे सोंगटी मरत नाही, तिथे गाठींचा टाका, म्हणजे खडबडीत लागेल. मंजिरी, पट तुझ्या सासूबाईंचा आहे. सुई लावलेली चालेल का त्यांना?

मंजिरी (बी-२०४), दुपारी ४.४०
विचारलं. त्या म्हणाल्या, सुई लाव, आणि पिवळ्या सोंगट्यांना खाच पाडून घे, लालवर दोरा गुंडाळ, हिरव्या-काळ्यांचं मी बघते. त्यांना शनिवारी विनायककाकांच्या समोर बसायचं आहे, भिडू म्हणून.

विनायककाका (बी-१०३), दुपारी ४.४८
बसा म्हणावं. मी कवड्या चांगल्या टाकतो.

रेखाकाकू (ए-२०२), दुपारी ४.५५
विनायकभावजी, उद्या दुपारी तीनला माझ्याकडे या. चार प्रकारचे दोरे काढून ठेवते. रंगाचं मी बघेन, बोटाला कुठला नीट लागतो ते तुम्ही सांगा.