जुन्या स्पोर्ट्‌स गाडीला नवा रंग: तुम्हाला किती खर्च आला?

कॉव्हेंट्रीकर
माझ्या १९७२ च्या एमजीबी रोडस्टरला (एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी) नवा रंग देण्याचे अंदाजपत्रक नुकतेच हाती आले, आणि ते वाचताना दादरच्या आमच्या वाडीतली एक स्टँडर्ड हेरल्ड आठवली. १९८० च्या सुमारास शेजारच्या काकांनी ती वाडीच्या बोळातच रंगवून घेतली होती. रंगारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे पातळ हात एकावर एक मारत असे आणि मधल्या काळात पाणी ओतून वॉटर पेपर घासण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. काकांचा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला, ही कुरकुर काकूंनी पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली.

आता माझा हिशेब सांगतो. सगळा जुना रंग उतरवून पत्र्यापासून काम करायचे, तर ९,५०० पौंड आणि त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे एकूण ११,४०० पौंड. यात प्रायमर, रंग, क्लिअर कोट आणि इतर साहित्य मिळून १,१०० पौंडांचे आहे. गंजलेल्या पत्र्याच्या डागडुजीसाठी १,२०० पौंड धरले आहेत, तेही ‘तूर्त’ असा शेरा मारून. उरलेले ७,२०० पौंड निव्वळ मजुरीचे आहेत: १२० तास, तासाला ६० पौंड. याचा अर्थ असा की ज्याला आपण रंगाचा खर्च म्हणतो, त्यात रंगाचा वाटा आठव्या हिश्श्याइतकाही नाही.

मला खरी धास्ती त्या ‘तूर्त’ शब्दाची वाटते. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. दारांखालचे सिल (उंबरठे) हेच तिचे बळ असते, आणि ते बाहेरचा पत्रा, मधला पडदा व आतला पत्रा अशा तीन थरांचे असते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलच्या आत काय शिल्लक आहे, हे रंग आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) खरवडल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. पुढचे मडगार्ड बोल्ट काढून सुटे करता येतात, परंतु मागचे वेल्ड केलेले असतात, त्यामुळे तिथे गंज निघाला तर तासांचा आकडा कुठवर जाईल याचा नेम नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा गाड्या रंगवून घेतल्या आहेत, त्यांनी सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा असे दोन्ही लिहावेत, ही विनंती.

आजोबांचीटीसी
पुण्यातील अनुभव लिहितो. आमची १९४८ ची एमजी टीसी आहे. सुरुवातीचा आकडा दीड लाख रुपये होता आणि शेवटचा साडेतीन लाख. टीसीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो, हे रंगाऱ्याला ठाऊक नव्हते आणि आम्हाला पुस्तकी ठाऊक होते. मागचा पत्रा सोडवला तेव्हा दाराच्या खांबाचे लाकूड बोटाने भुगा होत होते. मग सुतार शोधणे आले, आणि हे काम जमणारा सुतार मिळेपर्यंत गाडी प्रायमरमध्येच उभी राहिली. प्रायमरमधल्या गाडीला दमट हवेत फार काळ ठेवू नये, कारण साधा प्रायमर पाणी शोषतो आणि त्याखाली पुन्हा गंज धरतो. म्हणून आमच्या रंगाऱ्याने एपॉक्सी प्रायमरचा हात मारून ठेवला. तो खर्च अंदाजपत्रकात नव्हता, परंतु त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रानजाई
माझ्या वडिलांचे कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज होते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. गिऱ्हाईक नेहमी विचारत असे, “रंगाचा डबा केवढ्याला येतो?” आणि त्यावरून मजुरीचा भाव पाडू पाहत असे. रंग फवारण्याचे पिस्तूल हातात धरण्याचे काम एका दिवसाचे असते. त्याआधी काचा, बिडिंग (कडेच्या पट्ट्या), दिवे, कुलपे, मुठी उतरवणे, ठोकून पत्रा सरळ करणे, लांबी भरणे, ती लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासणे, सरफेसर (रंगाखालचा सपाटीचा थर) मारणे आणि पुन्हा घासणे, यांत आठवडे जातात. कॉव्हेंट्रीकर दादा, तुमच्या अंदाजपत्रकात काचा उतरवण्याचे तास धरले आहेत का, ते अवश्य विचारा. काच जागेवर ठेवून कडेने कागदपट्टी लावली की पैसे वाचतात, पण रबराच्या कडेला रंगाची जी धार राहते, तिथूनच पापुद्रा सुटायला सुरुवात होते.

आणखी एक सांगते. पूर्वीचा एनसी रंग थिनर उडून गेल्यावर वाळत असे. आजच्या टू-के पीयू (दोन घटकांच्या पॉलियुरेथेन) रंगात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्यात आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे आत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारा बंद बूथ लागतो. वडिलांनी पीयूचे काम सुरू केले ते बूथ बांधल्यावरच, आणि त्या वर्षी त्यांचे दर वाढल्यामुळे निम्मी गिऱ्हाइके उघड्यावर रंग मारणाऱ्याकडे गेली.

प्रश्नांकित
एक अडाणी शंका आहे. जुना रंग घट्ट बसलेला असेल, तर तो नुसता घासून त्यावरच नवा मारला, तर चालत नाही का? मला माझ्या एमजी मिजेटसाठी २,२०० पौंडांत तसे करून देतो असे एकाने सांगितले आहे.

कॉव्हेंट्रीकर
चालते, पण खाली काय आहे यावर ते अवलंबून असते. जुन्या एनसी रंगावर नव्या रंगाचे थिनर पडले की खालचा थर फुगून सुरकुत्या येऊ शकतात. दारामागच्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून पाहा. रंग लगेच विरघळून बोळ्याला लागला, तर तो एनसी समजा. शिवाय रंगाची जाडी मोजणारे यंत्र उसने मिळाले तर फिरवून घ्या. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या जागी हजाराच्या पुढे आकडा दिसला, तर तिथे रंग नसून लांबीची भिंत आहे, आणि २,२०० पौंडांत तुम्ही त्या भिंतीलाच रंग द्याल.

पश्चिमकिनारा
कॅलिफोर्नियातून लिहीत आहे. माझी १९७६ ची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे. ‘फायबरची गाडी म्हणजे गंज नाही, म्हणजे स्वस्त’ असे मला अनेकांनी ऐकवले होते. प्रत्यक्षात १४,००० डॉलर सांगितले गेले आणि १७,५०० डॉलर लागले. पत्र्यावर चालणारी वाळूची फवारणी फायबरचे तंतू उघडे पाडते, आणि जालीम रसायन राळेत मुरते. त्यामुळे माझ्या गाडीचा रंग माणसांनी ब्लेडने खरवडून आणि हाताने घासून उतरवला. त्याखाली जागोजागी केसासारख्या भेगा निघाल्या, आणि त्या प्रत्येकीला कोरून पुन्हा भरावे लागले.

या गाडीचे दोन्ही टोकांचे बंपर मऊ युरेथेनचे आहेत. त्यांच्या रंगात लवचिकता आणणारे द्रव्य मिसळावे लागते आणि त्यामुळे छटा किंचित निराळी दिसते. मी ते बघून वैतागलो, तेव्हा रंगाऱ्याने शांतपणे सांगितले की या गाड्यांचे बंपर कारखान्यातून नव्या निघतानाही अंगाशी जुळत नसत.

मडगावकर
फायबरचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची आठवण करून देतो. दोन माणसांची उघडी गाडी, फायबरचे अंग आणि रेनॉचे ११४९ सीसी इंजिन. ती अभिजात म्हणावी का, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी रस्त्यावर एक शोधून दाखवावी. माझ्या गाडीला १ लाख ६० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८८ हजार ८०० रुपये पडले, आणि तो आकडा शेवटपर्यंत हलला नाही. कारण रंगारी मूळचा होड्यांचे फायबर काम करणारा होता आणि सुईच्या टोकाएवढी भोके किती निघणार, हे त्याने आधीच धरले होते. भट्टीत ६० अंशांवर रंग वाळवण्याला त्याने साफ नकार दिला, कारण जास्त उष्णतेने फायबरमधल्या कापडाची वीण रंगात उमटते. गडद निळ्याऐवजी फिकट पिवळा घ्या, असेही त्याच कारणासाठी सुचवले. गडद रंग उन्हात फार तापतो. पावसाळ्यात तो काम घेतच नाही. आमचे बाबा सांगतात की एनसीच्या काळात जुलैमध्ये मारलेला रंग हवेतल्या दमटपणाने दुधासारखा पांढुरका पडत असे.

रानजाई
मडगावकर, तुमच्या रंगाऱ्याला माझा नमस्कार सांगा. रंग बदलला असेल, तर आरटीओकडे आरसीमध्ये नोंद करून घेतलीत ना? विमा कंपनी अपघातानंतर नेमके तेच पाहते.

मडगावकर
होय ताई, ती करून घेतली. फोटो, अर्ज आणि दोन खेपा.

डावीकडूनतिसरा
थोडा विरोधी सूर लावतो. मी जर्मनीत राहतो आणि माझ्याकडे १९७३ ची पोर्शे ९११ आहे. तिचा मूळ रंग बोनेटवर खडूसारखा फिका पडला आहे, डाव्या दारावर ओरखडे आहेत, तरीही मी तो उतरवणार नाही. रंगवण्यासाठी २२,००० युरो सांगितले गेले. परंतु माहितगार गिऱ्हाईक इथे आधी जाडी मोजण्याचे यंत्रच बाहेर काढते आणि कारखान्याच्या रंगासाठी नव्यापेक्षा अधिक पैसे मोजते. तीस वर्षांपुढच्या गाड्यांना मिळणाऱ्या एच (ऐतिहासिक) क्रमांकासाठीही जपलेला जुना रंग आड येत नाही. मी रबिंग-पॉलिश, मेण आणि दोन जागी टचअप एवढ्यावर भागवले, त्याचे ६५० युरो झाले. गंज नसेल, तर एवढाच खर्च पुरे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आजोबांचीटीसी
हे पोर्शेला शोभते. आमच्या टीसीवर आजोबांच्या हयातीतच तीन वेगवेगळे रंग चढले होते, त्यामुळे मूळ रंग जपण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तो शेवटी डॅशबोर्डमागे सापडला.

प्रश्नांकित
कॉव्हेंट्रीकर यांनी सांगितल्याप्रमाणे थिनरचा बोळा फिरवला. तो हिरवा झाला, त्यानंतर पांढरा आणि मग लाल. २,२०० पौंडवाल्याला नकार कळवला आहे. आता पत्र्यापासून काम करणाऱ्याने ७,८०० पौंड अधिक व्हॅट सांगितले आहेत. त्यात काचांची नवी रबरे आणि दारांची बिडिंग नाहीत, ती मी आणून द्यायची आहेत. हे रीतसर आहे का?

रानजाई
रीतसर आहे, पण रबरे रंगाआधी आणून एकदा बसवून पाहा. नव्या रबरांची जाडी पुष्कळदा जुन्याहून निराळी असते, दार लागत नाही, आणि मग रंगवलेले दार बिजागरीपाशी ठोकावे लागते.

कॉव्हेंट्रीकर
माझ्याही अंदाजपत्रकात रबरांचा उल्लेख नाही, हे आत्ता तपासल्यावर लक्षात आले. काचा उतरवण्याचे तास मात्र धरले आहेत. पूर्ण संचाचे ४०० पौंड आणखी धरतो आणि सिल उघडले की आकडा इथे लिहितो.