शाळेच्या दिवशीच लेकीचं पोट दुखतं

पनवेलची आई: लेक चौथीत आहे. रविवारी संध्याकाळी दप्तर भरायला घेतलं की बेंबीभोवती दुखायला लागतं. सोमवारी पोहे तसेच बशीत, खाली रिक्षावाले काका हॉर्न देतात आणि ही संडासात. सुट्टीत मात्र काही नाही. सोनोग्राफी, रक्त-लघवी सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत. पण तिचे तळहात घामाने ओले असतात हो! काय करू?

परिचारिका, बालरोग विभाग: ताई, नाटक अजिबात नाही. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. धास्ती घेतली की आतड्यांची हालचाल बिघडते, दुखणं अगदी खरं असतं. मात्र वजन घटणं, झोपेतून उठवणारी कळ, शौचात रक्त, ताप, सततच्या उलट्या, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे. शी कडक होते का तेही बघा, बद्धकोष्ठतेकडे हमखास दुर्लक्ष होतं.

दोन मुलांचा बाबा: घरी ठेवू नका, भीती वाढते. आमचा धाकटा वर्गात शू-शीला जायला विचारायचाच नाही. बाईंशी बोलून न विचारता जायची मुभा घेतली, बराच फरक पडला. रात्री पोटावर छोटी उशी ठेवून ती श्वासाने वर-खाली करायची. आणि ‘दुखतंय का?’ सारखं विचारू नका.

पनवेलची आई: आज जवळ घेऊन विचारलं. पाढे चुकले की वर्गासमोर उभं करतात म्हणाली. उद्याच बाईंना भेटते.

परिचारिका, बालरोग विभाग: जरूर भेटा. तरी धास्ती राहिली तर समुपदेशकांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.