प्रतिसाद: बाटलीचे स्टँड नेमके कुठे असावेत?

सायकलची फ्रेम बनवताना पाण्याच्या दोन्ही बाटल्या जमेल तितक्या खाली घ्याव्यात, वजन खाली राहिलं की सायकल स्थिर वाटते, हे इथे आधी मांडलेलं मत मला पटतं. पण लहान फ्रेममध्ये त्यालाही मर्यादा येते. डाउनट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी) आणि सीटट्यूब (सीटखालची उभी नळी) खाली एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे दोन्ही बाटल्यांचे बूड एकमेकांवर आदळतात. म्हणून आधी डाउनट्यूबवरची जागा ठरवा, कारण चालवताना हात सहज तिथेच जातो. मग सीटट्यूबवरची बाटली तिला चुकवून वर सरकवा.

फ्रेमला बोल्टसाठी भोकं पाडण्याआधी खऱ्या बाटल्या आणि केज (म्हणजे बाटलीचे स्टँड) तिला टेपने लावून बघाच! बाटली बाहेर काढताना ती वरच्या नळीला अडते का, पुढच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) पट्टा मध्ये येतो का, हे कागदावर कळत नाही. दोन भोकांमधलं प्रमाण अंतर ६४ मिमी, बोल्ट एम५ (५ मिमी व्यासाचा). शक्य असेल तर त्याच अंतराने तिसरं भोक ठेवा, म्हणजे केज वरखाली करता येतो.

डाउनट्यूबच्या खालची जागा अवजारांच्या डब्याला ठीक. तिथे बाटलीच्या तोंडावर चिखल उडतो, आणि सस्पेन्शन फोर्क (धक्के शोषणारा पुढचा चिमटा) पूर्ण दबल्यावर पुढचं चाक तिथे लागत नाही ना, तेही तपासावं लागतं.

एक कळकळीची विनंती: तयार कार्बन फ्रेमला घरी भोकं पाडू नका. पट्ट्याने बांधायचे माउंट मिळतात, तेच वापरा.