गुरूच्या उपग्रहाला ‘आयो’ हे नाव का पडले? शाळेच्या फलकासाठी नेमकी माहिती हवी आहे

रेखाटनवही, ठाणे पश्चिम

नमस्कार. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या विज्ञानाच्या बाई आणि मी मिळून एक फलक तयार करीत आहोत. त्याच्या एका बाजूला गुरूच्या आयो या उपग्रहाचे छायाचित्र असेल, म्हणजे पिवळा-नारिंगी, जागोजागी काळे डाग पडलेला तो गोळा. दुसऱ्या बाजूला इटालियन चित्रकार कोरेज्जो याने १५३० च्या सुमारास रंगवलेले ‘ज्युपिटर आणि आयो’ हे चित्र लावावे, असे माझ्या मनात आहे. ज्युपिटर म्हणजे रोमन देवराज, आणि गुरू ग्रहाचे पाश्चात्त्य नावही तेच.

कच्चा आराखडा पाहून नववीतील एका मुलीने विचारले, की चित्रातल्या आयोला ढगाने वेढले आहे आणि उपग्रहावरही ज्वालामुखींचे लोट उसळतात, मग नाव ठेवणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होते का? मला उत्तर देता आले नाही. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ग्रीक कथेतील आयोची गाय झाली होती आणि उपग्रहावरचे डाग गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले. ऐकायला हे पटते, परंतु मुलांसमोर चुकीचे काही जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. शिवाय ते चित्र विवस्त्र स्त्रीचे आहे आणि कथाही बळजबरीची आहे. ती कोणत्या शब्दांत मांडावी, हेही जाणकारांनी सांगावे.

निरीक्षक, खारघर

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर सनावळीतच दडलेले आहे. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी आपल्या दुर्बिणीतून गुरूकडे पाहिले, तेव्हा त्याला गुरूशेजारी तीन ‘तारे’ दिसले. त्या रात्री आयो आणि युरोपा एकमेकांच्या इतके जवळ होते, की ते दोन्ही मिळून एकच ठिपका दिसत होता. दुसऱ्या दिवशी ते वेगळे दिसले, म्हणून त्यांच्या शोधाची तारीख ८ जानेवारी मानतात. गॅलिलिओने या चारही उपग्रहांना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे नाव दिले होते. आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो ही नावे जर्मन ज्योतिर्विद सिमॉन मारिउस याने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती कल्पना केप्लरने सुचवल्याचे त्याने स्वतःच नमूद केले. ज्युपिटरने ज्यांचा ज्यांचा मोह धरला, ती माणसे आता त्याच्याभोवती फिरत आहेत, एवढाच या नावांमागचा विचार होता. ही नावे पुढची तीनशे वर्षे फारशी रुळलीही नाहीत. ज्योतिर्विद ‘गुरूचा पहिला उपग्रह’, ‘दुसरा उपग्रह’ असेच लिहीत राहिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही नावे सर्वमान्य झाली.

त्या काळच्या दुर्बिणीत आयो म्हणजे केवळ प्रकाशाचा बिंदू होता. त्याचे डाग दिसणे शक्यच नव्हते, त्यामुळे ठिपक्यांच्या गाईचे स्पष्टीकरण कृपया फलकावर घेऊ नये. ज्वालामुखींचे तर नावही नव्हते. त्यांचा शोध मार्च १९७९ मध्ये लागला. ‘व्हॉयेजर १’ हे यान गुरूला ओलांडून पुढे गेल्यानंतर, यानाचा मार्ग तपासण्यासाठी घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो या अभियंत्या महिलेला आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फिकट उंचवटा दिसला. तो ज्वालामुखीचा लोट होता आणि पृथ्वीबाहेर चालू ज्वालामुखी सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. नाव १६१४ चे आणि ज्वालामुखींचे ज्ञान १९७९ चे. मधली ३६५ वर्षे फलकावर ठळक लिहावीत, एवढी माझी विनंती आहे.

रंगभान, नौपाडा

चित्राच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो. कोरेज्जोचे हे चित्र आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. मांतुआचा सत्ताधीश फेदेरिको गोंझागा याच्यासाठी ज्युपिटरच्या मोहांवर त्याने जी चार चित्रे केली, त्यांपैकी हे एक. आयो आपल्याकडे पाठ करून बसली आहे. काळसर-करडा ढग तिच्यावर उतरला आहे आणि त्या ढगातूनच एक जडसा, धुकट पंजा तिच्या कमरेभोवती येतो. तिच्या चेहऱ्याजवळ नीट पाहिले, तर ढगात विरत चाललेला ज्युपिटरचा चेहरा दिसतो. ढगाला आकार द्यायचा, पण त्याचे ढगपण हरवू द्यायचे नाही, ही अतिशय अवघड गोष्ट आहे, आणि मऊ छायाप्रकाश हाताळण्यात कोरेज्जोचा हात धरणारे चित्रकार थोडेच झाले.

परंतु आपण कथेविषयी विचारले आहे आणि त्या बाबतीत चित्र व काव्य यांची वाट एक नाही. ओव्हिड या रोमन कवीच्या काव्यात आयो पळून जाते, ज्युपिटर धरतीवर अंधार पसरून तिला अडवतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. कोरेज्जोने मात्र तो प्रसंग मीलनासारखा रंगवला. ‘ज्युपिटरची प्रेमप्रकरणे’ हा शब्दप्रयोग कलेच्या पुस्तकांत सर्रास आढळतो, पण नववीतल्या मुलांपुढे तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तिची इच्छा नसताना’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. ते खरे आहेत आणि मुलांना कळतात.

पुढे संशय आलेली ज्युपिटरची पत्नी जुनो तिथे येते, तेव्हा ज्युपिटर आयोची पांढरी गाय करून टाकतो. जुनो ती गाय मागून घेते आणि शंभर डोळ्यांच्या आर्गसला तिच्यावर पहारा करायला बसवते. आपल्या वडिलांना ओळख पटावी म्हणून ही गाय खुराने धुळीत स्वतःचे नाव लिहिते. मला या संपूर्ण कथेतील हा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग वाटतो. रोमन लिपीत तिच्या नावाला एक उभी रेघ आणि एक गोल एवढेच लागते, आणि मुलांना ते फळ्यावर काढून दाखवता येईल. अखेर देवांचा दूत मर्क्युरी आर्गसला झोपवून ठार करतो, जुनो त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवते, आणि मागे लागलेल्या गोमाशीमुळे सैरावैरा धावत आयो इजिप्तला पोहोचते. तिथे तिला पुन्हा मनुष्यरूप मिळते.

विवस्त्र चित्राची अडचण वाटत असेल, तर दोन पर्याय आहेत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केसचे १६५९ च्या सुमाराचे ‘मर्क्युरी आणि आर्गस’ हे चित्र आहे. त्यात आर्गसला शंभर डोळे नाहीत. तो पेंगुळलेला, साधा गुराखी आहे, आणि मागे अंधुक उजेडात गाय झालेली आयो मुकाट उभी आहे. दुसरे चित्र रुबेन्सचे, कोलोन शहरातील, ज्यात जुनो मोराच्या पिसाऱ्यावर डोळे बसवत आहे. ते साधारण १६१० चे, म्हणजे गॅलिलिओ दुर्बिणीला डोळा लावून बसला होता त्याच सुमाराचे आहे. मात्र त्यात आर्गसचे शिर नसलेले धड समोरच पडलेले आहे, हे लक्षात घ्यावे. माझा कौल वेलास्केसला आहे, कारण आयोचा मुका एकटेपणा मला कोरेज्जोपेक्षा तिथे अधिक जाणवतो.

रेखाटनवही, ठाणे पश्चिम

दोघांचेही मनापासून आभार. खुराने नाव लिहिण्याचा प्रसंग मी आजच वर्गात सांगितला आणि मुले शांत बसून ऐकत होती. आता दोन शंका उरल्या आहेत. एवढ्याशा उपग्रहावर इतके ज्वालामुखी कशामुळे आहेत? आणि आपल्याकडच्या कथांशी याचा काही संबंध जोडता येईल का? मुले तो प्रश्न हमखास विचारतात.

निरीक्षक, खारघर

आयोचा व्यास सुमारे ३,६४३ किलोमीटर आहे, म्हणजे तो आपल्या चंद्रापेक्षा किंचितच मोठा. गुरूपासूनचे त्याचे अंतर सुमारे ४,२२,००० किलोमीटर आहे आणि तेही पृथ्वी-चंद्र अंतराशी मिळतेजुळते आहे. परंतु गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असल्यामुळे जी प्रदक्षिणा आपला चंद्र २७ दिवसांत पूर्ण करतो, ती आयोला साडेबेचाळीस तासांत पूर्ण करावी लागते. त्याच्या चार फेऱ्या होतात तेवढ्या वेळात युरोपाच्या दोन आणि गॅनिमिडची एक फेरी होते. या ठरलेल्या तालामुळे ते दोघे आयोला पुन्हा पुन्हा ठरावीक ठिकाणी हिसका देतात आणि त्याची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ देत नाहीत. परिणामी आयो गुरूच्या कधी थोडा जवळ तर कधी थोडा दूर जातो आणि गुरूच्या ओढीने त्याचा घन पृष्ठभाग शंभर मीटरपर्यंत वर-खाली होतो. आपल्या ठाणे खाडीत भरती-ओहोटीला पाणी जेवढे चढते-उतरते, त्याच्या कित्येक पट तिथे खडक हलतो. कणकेसारख्या या मळण्यातून निर्माण होणारी उष्णता खडक वितळवते. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित व्हॉयेजर पोहोचण्याच्या तीनच दिवस आधी, २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केले होते, आणि विज्ञानात भाकीत इतक्या लवकर खरे ठरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. आज तिथे चारशेहून अधिक ज्वालामुखी ज्ञात आहेत. पिवळा-नारिंगी रंग प्रामुख्याने गंधकाचा आहे.

गोमाशीने पळवलेली, क्षणाचीही उसंत नसलेली आयो आणि सतत मळला जाणारा हा उपग्रह यांत साम्य दिसते, हे मीही नाकारत नाही. परंतु तो योगायोग आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे. जुळवून ठेवलेली नावे वेगळी आहेत. २०१६ मध्ये गुरूभोवती पोहोचलेल्या यानाला ‘जुनो’ हे नाव मुद्दाम दिले गेले, कारण ज्युपिटर ढगांआड लपला तेव्हा त्या ढगांपलीकडे पाहणारी तीच होती, आणि या यानाचे कामही गुरूच्या ढगांखाली डोकावण्याचेच आहे. डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हे यान आयोपासून सुमारे १,५०० किलोमीटर अंतरावरून गेले. गॅलिलिओ, ज्युपिटर आणि जुनो यांच्या अॅल्युमिनियमच्या तीन छोट्या लेगो आकृत्याही या यानावर आहेत, ही गोष्ट मुलांना आवडेल.

रंगभान, नौपाडा

आपल्याकडच्या संबंधाविषयी सांगतो. आयोवरील ठिकाणांना अग्नी, सूर्य, मेघगर्जना आणि लोहारकाम यांच्याशी निगडित देवतांची नावे देण्याचा संकेत आहे. त्यामुळे तिथे सूर्य आणि सवितृ ही नावे आहेतच, पण सर्वांत प्रसिद्ध आहे ते त्वष्टृ, म्हणजे इंद्रासाठी वज्र घडवणारा ऋग्वेदातील त्वष्टा. २००७ च्या आरंभी ‘न्यू होरायझन्स’ हे यान प्लूटोकडे जाताना गुरूजवळून गेले, तेव्हा या त्वष्ट्याच्या ज्वालामुखीतून सुमारे ३३० किलोमीटर उंच लोट उसळलेला त्याने टिपला. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि फलकावर तीच लावावीत असे मला वाटते.

दुसरा दुवा मोराचा. रामायणाच्या उत्तरकांडात रावण मरुत्त राजाच्या यज्ञात येतो, तेव्हा भयाने देव पक्ष्यांची व प्राण्यांची रूपे घेतात आणि इंद्र मोर होतो. संकट टळल्यावर आपल्या सहस्र नेत्रांच्या खुणा तो मोराच्या पिसाऱ्यावर देतो. तिकडे शंभर नेत्रांचा आर्गस आणि इकडे सहस्राक्ष इंद्र. एकाने दुसऱ्याकडून कथा घेतली असे मी म्हणणार नाही, पण पिसाऱ्यावरचे डोळे पाहून दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकच प्रश्न पडला होता, एवढे निश्चित.

निरीक्षक, खारघर

यात एक सावधगिरी सुचवतो. मराठीत आपण या ग्रहाला गुरू म्हणतो, म्हणजे देवांचा आचार्य बृहस्पती. उपग्रहांची नावे मात्र रोमन देवराजाच्या कथेतील आहेत. फलकावर ‘गुरूने आयोला पळवले’ असे लिहिले, तर बृहस्पतीवर नसता आळ येईल. आपल्या पुराणात तर चंद्रच बृहस्पतीची पत्नी तारा हिला पळवतो. म्हणून ग्रहासाठी ‘गुरू’ आणि देवासाठी ‘ज्युपिटर’ असे दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत.

गच्ची, घोडबंदर रस्ता

मी केवळ निरीक्षणापुरते लिहितो. गुरू इतका तेजस्वी आहे, की आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड असूनही तो उत्तम दिसतो. ५० मिलिमीटर भिंगांची हातातली दुर्बीण कठड्यावर घट्ट टेकवली, तर लांबचे उपग्रह सहज दिसतात. आयो मात्र ग्रहाच्या मध्यापासून त्याच्या व्यासाच्या तिपटीहून दूर कधी जात नाही, त्यामुळे गुरूच्या झगमगाटात तो हरवतो आणि त्यासाठी तिपाईवरची लहान दुर्बीणच हवी. आज संध्याकाळी तो गुरूच्या एका बाजूला टोकाशी दिसला, तर उद्या त्याच वेळी दुसऱ्या बाजूला दिसेल. मुलांना सलग दोन संध्याकाळी बोलावून दोन्ही दिवसांची आकृती वहीत काढायला लावावी.

रेखाटनवही, ठाणे पश्चिम

सर्वांची ऋणी आहे. आम्ही ठरवले आहे, की फलकाच्या मध्यभागी एक आडवी रेघ असेल आणि तिच्यावर १५३०, १६१०, १६१४, १९७९, २००७ आणि २०१६ ही साले असतील. कोरेज्जोच्या चित्राचा फक्त आयोचा चेहरा आणि वरचा ढग एवढाच भाग घेऊ, वेलास्केसचे चित्र पूर्ण लावू आणि २००७ च्या खाली त्वष्ट्याचा लोट येईल. ३६५ हा आकडा तिनेच रंगवावा असे मी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सांगितले आहे. शाळेची दुर्बीण कपाटातून बाहेर काढली आहे, तिची तिपाई दुरुस्त झाली की सलग दोन संध्याकाळी गच्चीवर जाऊ आणि मुलांनी काढलेल्या आकृत्या इथे कळवीन.